रोड बाइकवर तिसऱ्या तासाला हात बधिर, मान आखडलेली. हायब्रिड घेतली तर सायकल पुढेच सरकत नाही: काय तपासायचं, काय घ्यायचं

गायमुखच्या चहाच्या टपरीवर बिस्किटाचा पुडा हातात घेऊन उभा होतो आणि तो मला फोडता येईना. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्हींत मुंग्या, आणि चिमटीत जोर म्हणून नाही. टपरीवरच्या मावशींनी पुडा माझ्या हातातून घेतला, कात्रीने टोक कापलं आणि म्हणाल्या, "दादा, हात दाखवून घ्या एकदा." सायकल सहा आठवड्यांची होती. ठाण्याहून नवी मुंबईच्या पाम बीच रोडला जाऊन परत घोडबंदर रोडला लागेपर्यंत जेमतेम साठ किलोमीटर झाले होते. तोवर माझी समजूत अशी की रोड बाइक म्हटली की एवढं सोसायलाच लागतं.

सोसायला लागत नाही. त्या दिवसापासून आजवर हीच तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता सगळं एकदाच नीट लिहून काढतो.

दरवर्षी साधारण असंच घडतं. पाऊस थांबला की पाम बीचवर आणि येऊरच्या चढावर नव्या कोऱ्या रोड बाइक दिसायला लागतात. दोन महिन्यांत त्यातल्या बऱ्याच बाल्कनीत जातात. काही जण ती विकून सरळ हँडलची हायब्रिड घेतात. मग सहा महिन्यांनी त्यांचा फोन येतो: "कंबर सुटली, पण पाय मारतोय मारतोय आणि ग्रुप पुढे निघून जातो." पुन्हा रोड बाइक शोधायची, पुन्हा तीच चूक. दोन सायकलींच्या विक्रीत नुकसान होतं ते वेगळंच, पण माणूस सायकलवरून उठतो याचं मला जास्त वाईट वाटतं.

आराम हवा तर वेग सोडा, वेग हवा तर आराम सोडा, असं दुकानात सांगतात. मला हे पटत नाही. जी बैठक तिसऱ्या तासाला टिकत नाही ती वेगवान नाहीच, मग फ्रेमवर काहीही लिहिलेलं असो.

कारण असं. सपाट रस्त्यावर ताशी पंचवीसच्या वर गेलात की तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि त्या हवेला अडवतं ते मुख्यतः तुमचं शरीर. सायकलचा वाटा लहान. हवेसाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ३० वरून ३३ ला जायचं तर वेग १० टक्क्यांनी वाढतो, पण हवेसाठी लागणारी ताकद जवळपास ३३ टक्क्यांनी. म्हणून शर्यतीच्या सायकलींचं हँडल खाली आणि लांब असतं, की पाठ आडवी व्हावी. पण दिवसाचे नऊ तास वागळे इस्टेटमध्ये किंवा ऐरोलीच्या ऑफिसात खुर्चीत बसणाऱ्या माणसाच्या मांड्यांच्या मागचे स्नायू आखडलेले असतात. पहिला तास तो उत्साहावर वाकतो. मग हात ताठ होतात, कोपरं कुलूप लावल्यासारखी बसतात, छाती वर येते आणि तो शीड उभारल्यासारखा वारा अंगावर घेत घरी येतो. त्याच माणसाला दोन-तीन सेंटीमीटर वर हँडल द्या, तो कोपरं वाकवून पुढचा हात जमिनीला समांतर ठेवू शकतो. पाठ तेवढीच खाली, धक्का कोपरात जिरतो आणि ही बैठक तो धरून ठेवू शकतो. वाशीहून बेलापूरला वारा समोरून असताना हा फरक डोळ्यांनी दिसतो.

तेव्हा खर्च करण्याआधी आहे ती सायकल तपासा. निम्मा त्रास इथेच जातो. आणि नवी घ्यायचीच ठरली, तर काय घ्यायचं हेही याच तपासणीतून कळतं.

आधी हात: कोणती बोटं बधिर होतात?

हे नीट बघा, कारण दोन वेगळ्या नसा आहेत. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर तळव्याच्या बाहेरच्या कडेने जाणारी अल्नर नर्व्ह दाबली जाते आहे. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट असेल तर मीडियन नर्व्ह, आणि तिथे बहुधा मनगट मागे मोडलेलं असतं. दुसऱ्या प्रकारात हूड, म्हणजे ब्रेकच्या लिव्हरवरची रबरी मूठ, किंचित वर फिरवून मनगट आणि पुढचा हात एका रेषेत आणला की बराच फरक पडतो. पहिल्या प्रकारात लोक जाड ग्लोव्हज घेतात, टेपवर टेप गुंडाळतात, आणि फरक थोडाच पडतो. कारण मूळ दुखणं बऱ्याचदा हातात नसून सॅडलमध्ये, म्हणजे बसायच्या सीटमध्ये असतं.

माझंही तेच होतं. सुरुवातीला सॅडल टोचत होतं म्हणून मी त्याचं नाक खाली केलं होतं. बसायला बरं वाटलं. पण शरीर सतत पुढे घसरत होतं आणि ते थोपवायला दोन्ही तळहात, प्रत्येक मिनिटाला, तीन तास. गायमुखला बोटं गेली ती त्यामुळे.

तपासायची रीत सोपी आहे. सायकल सपाट जमिनीवर उभी करा, सॅडलवर एक सरळ पुस्तक ठेवा आणि त्यावर फोनमधलं लेव्हलचं ॲप लावा. सपाट किंवा फार तर एक-दोन अंश नाक खाली, त्याहून जास्त नको. मग सॅडल किती मागे आहे ते बघा. सॅडल फार पुढे असेल तर शरीराचा तोल पायांऐवजी हातांवर येतो. रिकाम्या सरळ रस्त्यावर, सवय असेल तरच, हूडवर हात ठेवून मध्यम जोरात पॅडल मारताना हात क्षणभर हूडपासून नुसते सुटे करा. लगेच पुढे कोसळायला होत असेल तर सॅडल पाच मिलीमीटर मागे घ्या आणि पुन्हा बघा. सवय नसेल तर हा प्रयोग घरी ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवर धरून ठेवणाऱ्या स्टँडवर करा. रस्त्यावर करू नका.

उंचीसाठी जुनी पद्धत अजूनही चांगली: बूट साधे सपाट, टाच पॅडलवर, पॅडल सगळ्यात खाली, पाय सरळ झाला पाहिजे पण कंबर कलंडायला नको. नेहमीप्रमाणे चवडा पॅडलवर ठेवलात की गुडघ्याला आपोआप हवा तेवढा बाक येतो. सॅडल मागे नेलं की पायाला अंतर थोडं वाढतं, तेव्हा उंची एक-दोन मिलीमीटर उतरवावी लागते.

एका वेळी एकच गोष्ट बदला. बदलण्याआधी सीटपोस्टला (सॅडलखालच्या दांड्याला) जुन्या उंचीवर इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या, म्हणजे परत यायला खूण राहते. मी हे केलं नव्हतं आणि तीन रविवार नुसता चाचपडत घालवले.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. बोटांचा बधिरपणा राइड संपल्यावर तासाभरात जात असेल तर ठीक. दुसऱ्या दिवशीही राहत असेल, शर्टाची बटणं लावताना त्रास होत असेल, भांडं हातातून सुटत असेल, तर सायकल थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. नस बरी व्हायला वेळ घेते आणि त्यात हट्ट चालत नाही.

मान आणि कंबर

मानेचं कारण बहुधा लांबी. हँडल शरीरापासून फार दूर असलं की हात ताठ होतात, खांदे कानांपाशी जातात आणि मानेला डोकं उचलून धरावं लागतं. ॲलन की घेऊन स्टेम, म्हणजे हँडल सायकलला जोडणारा आखूड तुकडा, बदलणं हा इथला सगळ्यात स्वस्त उपाय. बहुतेक सायकलींवर १०० किंवा ११० मिलीमीटरचा, सहा अंश खाली झुकलेला स्टेम येतो. तोच उलटा लावला तर १०० मिलीमीटरच्या स्टेमवर हँडल सुमारे २० मिलीमीटर वर येतं, पैसा न खर्चता. तेवढ्याने भागलं नाही तर ८० किंवा ९० चा स्टेम लावा. त्याहून आखूड करावा लागत असेल तर फ्रेमच तुमच्या मापाची नाही असं समजा. ७० च्या खाली रोड बाइकचं हँडल चंचल होतं आणि उतारावर विश्वास वाटत नाही. बोल्ट घट्ट करताना स्टेमवर जो न्यूटन-मीटरचा आकडा छापलेला असतो, बहुतेक वेळा ५, तो टॉर्क रेंचने (किती घट्ट झालं ते मोजणाऱ्या पान्याने) पाळा. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचा वरचा दांडा कार्बनचा असेल तर हे फारच महत्त्वाचं.

एक कारण कुणाच्या लक्षात येत नाही: हेल्मेट. कपाळावर खाली आलेलं हेल्मेट किंवा त्याची टोपीसारखी पुढची पट्टी नजरेच्या आड आली की माणूस हनुवटी आणखी वर करतो. सोसायटीतल्या एका वहिनींची वर्षभराची मानदुखी ती पट्टी काढून टाकल्यावर थांबली.

कंबर मात्र फ्रेमपेक्षा गिअरवर जास्त अवलंबून आहे, निदान आपल्याकडे. ५३/३९ ची क्रँक (पुढच्या दोन चक्रांचे दाते) आणि मागे ११-२५ ची कॅसेट (मागच्या सगळ्यात लहान आणि मोठ्या चक्राचे दाते) असलेली जुनी शर्यतीची सायकल स्वस्तात मिळते आणि दिसायलाही देखणी. ती घेऊन उपवनहून येऊर चढायला लागा. ३९-२५ वर ताशी दहाच्या वेगाने पॅडलचे फेरे मिनिटाला पन्नासच्या आसपास पडतात. प्रत्येक फेऱ्याला कंबर खेचते. तोच चढ ३४-३२ वर त्याच वेगाने चढताना फेरे ७५ च्या जवळ जातात आणि पाय फिरत राहतात, कंबर शांत राहते. तेव्हा क्रँक ५०/३४ आणि मागे ३२ किंवा ३४ चं मोठं चाक, हे मागून घ्या. यात वेग जात नाही: ५०-११ वर मिनिटाला ९० फेरे म्हणजे ताशी ५० च्या वर, आणि तेवढा वेग आपण फक्त उतारावर बघतो.

सॅडलबद्दल थोडक्यात: मऊ गादीचं नको. मापाचं हवं. बसायच्या हाडांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं. नालीदार पुठ्ठ्यावर पाच मिनिटं किंचित वाकून बसा, उठल्यावर दोन खळगे दिसतात, त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. सॅडल त्याहून दोन-तीन सेंटीमीटर रुंद असावं.

हवा आणि टायर: खरी गोम इथे आहे

ठाणे आणि नवी मुंबईच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या माणसासाठी यापेक्षा महत्त्वाची गोष्ट नाही, आणि याबद्दलच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

घोडबंदर रोड डोळ्यांपुढे आणा. मेट्रोच्या कामाने खरवडलेला डांबराचा पट्टा, मग काँक्रीटचे स्लॅब आणि त्यांचे टक-टक वाजणारे जोड, मध्येच पेव्हर ब्लॉकचं ठिगळ, नाक्याच्या आधी रंबलरच्या सहा पट्ट्या. ठाणे-बेलापूर रोडला पुलांचे जोड. पाम बीच त्या मानाने गुळगुळीत, पण तिथे पोचायचं तर बाकी सगळं पार करावंच लागतं. अशा रस्त्यावर २३ किंवा २५ चा (म्हणजे तेवढे मिलीमीटर रुंद) टायर १२० पीएसआय दाबाला भरून फिरणं म्हणजे प्रत्येक खड्ड्याचा हिशोब मनगटात आणि माकडहाडात जमा करणं.

पंक्चरवाले दादा अंगठ्याने टायर दाबून "दगडासारखी भरली" म्हणतात, आणि आपल्यालाही वाटतं की कडक टायर म्हणजे वेगवान टायर. प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत पोलादी पिंपावर ते काही अंशी खरं आहे: हवा जितकी जास्त, टायर तितका कमी दबतो आणि ऊर्जा कमी खातो. रस्ता पिंपासारखा नसतो. खरबरीत रस्त्यावर कडक टायर प्रत्येक उंचवट्यावर सायकल आणि माणूस दोघांना वर उडवतो, आणि ती उसळी तुमच्याच पायांच्या ताकदीतून येते. ठरावीक दाबाच्या पुढे हवा वाढवली की सायकल हळू होते. फ्रान्समधली पॅरिस-रूबे ही १८९६ पासून चालत आलेली शर्यत, जिच्यात पन्नासेक किलोमीटर दगडी फरसबंदी असते, तिथे आज व्यावसायिक शर्यतपटू ३० मिलीमीटर आणि त्याहून रुंद टायर लावतात. त्यांना आराम हवा म्हणून लावत नाहीत, जिंकायचं असतं म्हणून लावतात.

पण मग कडक टायर वेगवान का वाटतो? थरथरीमुळे. बारीक, झपाझप येणारी थरथर शरीराला वेगासारखी वाटते. वेग वाढला की थरथर वाढते हे आपण लहानपणापासून शिकलेलो असतो, म्हणून थरथर वाढली की वेग वाढला असं मन धरून चालतं. रुंद, नरम टायरवर ती थरथर नाहीशी होते आणि माणसाला सायकल मेल्यासारखी वाटते.

माझ्या भाच्याबरोबर हे मी करून बघितलं. त्याच्या सायकलवर २५ चे टायर होते, ११० ला भरलेले. मी त्याला २८ चे, चांगल्या मऊ कापडाचे, मागे ७५ आणि पुढे ७० भरून दिले. पाम बीचवरच्या एनआरआय कॉम्प्लेक्सच्या बाजूने निघून मोराज सर्कलपर्यंत जाऊन त्याच रस्त्याने परत, पहाटे, वारा पडलेला असताना, त्याच हृदयगतीने. परत आल्यावर तो म्हणाला, "मामा, आरामदायक आहे पण हळू वाटतेय. पहिलीच बरी." मग घड्याळ बघितलं. २८ वर तो काही सेकंद आधी आला होता. एका पहाटेचा प्रयोग म्हणजे पुरावा नव्हे, आणि मी तसा दावा करत नाही. पण 'हळू वाटतेय' आणि 'हळू आहे' यातला फरक त्याला त्या दिवशी कळला. त्यानंतर थंडीत, खाडीच्या कडेला फ्लेमिंगो उतरले होते तेव्हा, आम्ही पुन्हा गेलो. या वेळी जुने टायर परत लावू का असं त्याने विचारलं नाही.

आकडे लागतील म्हणून सांगतो. ७५ किलोचा माणूस, ट्यूबवाला २८ चा टायर: मागे ७५, पुढे ७० पासून सुरुवात करा. ३२ चा असेल तर ६० आणि ५५. वजन कमी-जास्त असेल त्या हिशोबाने खालीवर. मग दर राइडला पाच-पाचने उतरवत जा. वळणावर टायर लचकायला लागला किंवा पेव्हर ब्लॉकच्या कडेवर रिम आपटली, की पाच परत भरा. तो तुमचा दाब. फार उतरवलात तर रिम ट्यूबला चिमटा काढते आणि शेजारीशेजारी दोन छेद पडतात. असं पंक्चर दिसलं की हवा कमी होती असंच समजा. पावसात आणखी थोडी कमी चालते. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादा सांगतो, तो भरायचा आकडा नव्हे. आणि रिम हुकलेस, म्हणजे टायर धरणारी आतली कड नसलेली असेल तर कमाल ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय, त्यापुढे जाऊच नका. टायर रिमवरून उडू शकतो. घरी मीटरवाला उभा पंप हवाच. अंगठ्यावर विसंबू नका.

टायरचं कापडही बघा. स्वस्त सायकलींवर तारेच्या कडेचे, जाड, लाकडासारखे टायर येतात. रुंदी २८ असली तरी ते कडकच वागतात. चांगल्या सायकलीला हळू बनवण्याचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे, आणि कंपन्या नेमकी इथेच काटकसर करतात. नव्या सायकलीसाठी पैसे बाजूला काढताना दोन चांगल्या टायरचे पैसे त्यातच धरा. ट्यूब टीपीयू या पातळ प्लास्टिकच्या घेतल्या तर वजनही उतरतं: साधी ट्यूब शंभर ग्रॅमच्या आसपास, ही पस्तीस-चाळीस.

तरी नवी घ्यायचीच असेल तर

वरचं सगळं करूनही तिसऱ्या तासाला दुखत असेल, किंवा तुमच्या फ्रेममध्ये २५ च्या वर टायर बसतच नसेल, तर सायकल बदलणं योग्य आहे. आता तुमच्याकडे मापं आहेत, ती वापरा.

दुकानात जाण्याआधी तीन अंतरं कागदावर लिहा: पॅडलचे दांडे ज्या धुरीवर फिरतात तिच्या मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंत, सॅडलच्या नाकापासून हूडपर्यंत, आणि सॅडलपेक्षा हूड किती खाली आहे. मग कंपनीच्या तक्त्यात दोन आकडे शोधा, स्टॅक आणि रीच. स्टॅक म्हणजे धुरीपासून हेड ट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीच्या) माथ्यापर्यंतची उभी उंची, रीच म्हणजे तेच आडवं अंतर. स्टॅकला रीचने भागा. मध्यम मापाच्या शर्यतीच्या फ्रेमचा स्टॅक ५४५ आणि रीच ३८५ असेल तर उत्तर १.४२ च्या आसपास येतं. आरामाकडे झुकणारी, जिला एंड्युरन्स म्हणतात, ती ५७५ आणि ३७७, म्हणजे १.५३. ऑफिसात बसणाऱ्या, पस्तिशी ओलांडलेल्या माणसाने दीडच्या आसपास किंवा वर राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. त्यावर कोपरं वाकवून खाली जाता येतं. उलट दिशेने मात्र खालच्या फ्रेमवर स्पेसरचा (स्टेमखालच्या कड्यांचा) मनोरा रचावा लागतो, आणि कार्बनच्या दांड्यावर त्याला मर्यादा असते.

ट्रेक डोमाने, स्पेशलाइज्ड रूबे, जायंट डिफाय, कॅननडेल सिनॅप्स या सगळ्या याच घरातल्या. कमी बजेटमध्ये डेकॅथलॉनची ट्रायबनही याच विचाराने बनवलेली आहे. नाव कुठलंही असो, चार गोष्टी विचारा: ३२ चा टायर आरामात बसतो का, मडगार्डची भोकं आहेत का, पुढे ५०/३४ किंवा त्याहून लहान आणि मागे ३२-३४ आहे का, आणि डिस्क ब्रेक आहेत का. आपल्याकडचे पावसाचे चार महिने लक्षात घ्या. ओल्या, मातकट रस्त्यावर रिम ब्रेक रिम झिजवतात आणि उशिरा लागतात.

'वेगवान वाटणं' कुठून येतं तेही सांगतो, कारण ते खोटं नाही आणि ते हवंच. उभं राहून पॅडल मारल्यावर सायकल लगेच पुढे झेपावली पाहिजे. ते मिळतं धुरीच्या भागातल्या ताठ फ्रेममधून, हलक्या टायर-ट्यूबमधून आणि जवळजवळच्या गिअरमधून. फ्रेम धुरीपाशी ताठ आणि सीटपोस्टपाशी लवचिक असेल तर दोन्ही हाती लागतं, २७.२ मिलीमीटरचा, बराचसा बाहेर राहिलेला कार्बनचा सीटपोस्ट यात खूप मदत करतो. पण फ्रेम कार्बन की ॲल्युमिनियम यावर जेवढी चर्चा होते तेवढी टायरवर व्हायला हवी. पैसे मोजकेच असतील तर ॲल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क आणि उत्तम टायर घ्या.

वजनाचा ध्यास धरू नका. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो असतील तर एक किलो म्हणजे सव्वा टक्क्याच्या आत. पंधरा मिनिटांच्या चढावर साधारण दहा सेकंद. तेवढे सेकंद ताठ हातांनी पाम बीचच्या पहिल्या सिग्नलपर्यंतच जातात.

हायब्रिडला मी नावं ठेवत नाही. कोपरखैरण्याहून ऐरोलीला रोज कामावर जायचं असेल तर तीच घ्या. पण रुंद सरळ हँडल, उभी छाती आणि हाताची एकच जागा यामुळे ती तासाभरानंतर मंद वाटते, आणि पुढे सस्पेन्शन फोर्क असेल तर तो वजन उगाच वाढवतो. २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तासांत करायचं डोक्यात असेल तर ड्रॉप हँडलच हवं, कारण हूड, वरची बाजू आणि ड्रॉप (खाली वळलेला भाग) मिळून हाताला तीन जागा मिळतात आणि नसेला विश्रांती मिळते.

दुकानातली चक्कर फसवी असते. पाच मिनिटांत प्रत्येक नवी सायकल उडते. माझी पहिली सायकल मी अशीच घेतली. फ्रेमचं ५४ चं माप शिल्लक नव्हतं, तर "५६ पण चालेल, स्टेम आखूड करू" असं दुकानदार म्हणाला आणि रंग आवडला म्हणून मी मान डोलावली. माप नसेल तर थांबा. चक्कर मारण्याआधी स्वतःची सॅडलची उंची लावून घ्या, हवा स्वतः सांगून भरायला लावा, आणि दुकानासमोरच्या गुळगुळीत पट्ट्याऐवजी जवळचा फुटका रस्ता गाठा. पाचऐवजी वीस मिनिटं मागा. ड्रॉपवर हात ठेवून तीन मिनिटं सलग चालवा आणि श्वास मोकळा जातोय का बघा; पोट मांड्यांना लागून श्वास कोंडत असेल तर हँडल अजून वर हवं.

शेवटची सूचना दुकानातून निघतानाची. फोर्कचा वरचा दांडा पहिल्या महिन्यात कापू देऊ नका. "सुबक दिसतं" म्हणून दुकानदार लगेच कापतात, आणि कापलेला दांडा वाढत नाही. जास्तीचे स्पेसर स्टेमच्या वर ठेवून द्या. चार-पाच रविवार फिरा, एकेक स्पेसर वरून खाली, खालून वर करून बघा आणि मग ठरवा. भाच्याच्या सायकलवर स्टेमच्या वर अजून दहा मिलीमीटरचा एक स्पेसर आहे. गेल्या रविवारी कर्नाळ्याहून परतताना, तिसऱ्या तासाला, तो सानपाड्यापर्यंत ड्रॉपवरून उठला नाही, घरी येऊन म्हणाला, "मामा, अजून पाच मिलीमीटर खाली घेऊन बघू का?"